मोठ्या बाईंची आठी

रफूकाकूंच्या दुकानावर पाटी होती, पण ती वाचायची वेळ कुणावर येत नसे. रस्त्यावरून जाताना खिडकीत एक दिवा दिसे, दिव्याखाली स्टँडला लावलेलं भिंग दिसे आणि भिंगामागे बशीएवढा एक डोळा दिसे. तो डोळा काकूंचा. गेली पस्तीस वर्षं तो तिथेच होता.

कोटाला कसर लागली, पँटला सिगारेटचं भोक पडलं, की माणसं काकूंकडे यायची. काकू त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून, कुणी कधी बघणार नाही अशा जागेतून, चार धागे ओढून काढायच्या आणि भोकावर आडवे-उभे विणायच्या. गिऱ्हाईक न्यायला आलं की काकू कोट पुढे करायच्या आणि म्हणायच्या, "दाखवा बघू, भोक कुठे होतं?" गिऱ्हाईक कोट उलटापालटा करायचं, उजेडात धरायचं, शेवटी हार मानायचं. काकूंची खरी मजुरी ती. पैसे काय, मिळायचेच.

पण हल्ली लोक फाटलेलं टाकून देतात. गेल्या महिन्यात काकूंकडे तीन कपडे आले, आणि त्यातला एक त्यांच्या पुतणीचा होता. त्याचं भोक इतकं नीटनेटकं होतं की ते कात्रीनं पाडलं असावं असा काकूंना दाट संशय आला. दया म्हणून कुणी मुद्दाम भोक पाडून आणावं, ही गोष्ट त्यांच्या फार मनाला लागली. खायला-प्यायला कमी नव्हतं. पण हात रिकामे राहिले की ते हात काकूंचं डोकं खात. घरातल्या सगळ्या चादरी, सगळे पायमोजे, शेवटी चहाची गाळणीसुद्धा रफू करून झाली होती.

शेजारीच फोटो स्टुडिओ होता. तिथे फोटोवर हात फिरवणारा एक माणूस खिडकीशी बसायचा. मुरमं घालवायची, डोळ्यांखालचं काळं कमी करायचं, असली कामं. तो मोठ्या स्टुडिओत निघून गेला आणि त्याची खुर्ची रिकामी पडली. हिरव्या कापडाची चांगली खुर्ची होती, फक्त बैठकीवर बोटभर फाटली होती. काकू येता-जाता त्या फाटलेल्या जागेकडे बघायच्या. आधी फक्त फाटलेली जागा दिसायची, मग हळूहळू आख्खी खुर्ची दिसायला लागली.

"काकू, तू का नाही शिकत हे?" पुतणी म्हणाली. ती दवाखान्यात नर्स होती आणि कुणालाही काहीही शिकवता येतं असा तिचा समज होता. तिनं आपला जुना लॅपटॉप आणला, त्यात एक फुकटातलं सॉफ्टवेअर घातलं आणि स्वतःचाच फोटो उघडला. "हे बघ, हे चिकटपट्टीचं चित्र दाबायचं. मग शेजारची चांगली कातडी त्याला दाखवायची. आता हा मुरमाचा डाग पूस."

काकूंनी माऊस फिरवला. डाग गेला. काकू खुर्चीत सरळ झाल्या.

"म्हणजे इथलं घ्यायचं आणि तिथे विणायचं?"

"हो."

"अगं, हे तर रफू आहे!"

"आहेच. पण तीन गोष्टी लक्षात ठेव," म्हणून पुतणीनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं. पहिली, आधी फोटोची कॉपी करायची आणि काय ते कॉपीवर करायचं, मूळ फोटोला हात लावायचा नाही. दुसरी, जे काही केलंस ते शेवटी निम्म्यानं फिकं करायचं. तिसरी, दर पाच मिनिटांनी चित्र लहान करून लांबून बघायचं.

काकूंनी कागद वाचला आणि नाक मुरडलं. कापडाची कॉपी करून कॉपीवर रफू? मग फाटका कोट घालणार कोण? निम्मं रफू म्हणजे तर निम्मं भोक. आणि लांबून बघणं हे गिऱ्हाइकाचं काम, कारागिरानं जवळून बघायचं असतं. पुतणी गेल्यावर काकूंनी त्या कागदाची चौपदरी घडी केली. दुकानातल्या टेबलाचा एक पाय आखूड होता, त्याच्याखाली ती घडी अगदी मापात बसली.

पुढच्या सोमवारी त्या स्टुडिओत गेल्या.

स्टुडिओवाला पंचेचाळिशीचा होता. दोन्ही हात खिशात घालून उभं राहायची त्याला सवय होती आणि कशालाही आधी नाही म्हणायचीही. "काकू, हे कॉम्प्युटरचं काम आहे," तो म्हणाला. "सुई-दोऱ्याचं नाही."

"तुझ्या शाळेच्या पँटला मागून किती वेळा रफू केलंय मी, आठवतंय? वर्गात कुणाला कळलं कधी?"

समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं. स्टुडिओवाल्याचे कान लाल झाले. "ठीक आहे, ठीक आहे," तो घाईघाईनं म्हणाला. "एक फोटो देतो. शनिवारपर्यंत करा. जमला, तर ही खुर्ची तुमची. नाही जमला, तर मात्र मला पुन्हा विचारायचं नाही."

त्यानं पेनड्राईव्हवर दिलेला फोटो मोठ्या बाईंचा होता.

मोठ्या बाई म्हणजे इथल्या शाळेच्या मुख्याध्यापिका. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त झालेल्या. त्यांचा फोटो शाळेच्या सभागृहात लागायचा होता, येत्या रविवारीच. स्टुडिओवाल्यानं तो त्यांच्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी काढला होता. करडा कोट, मागे चापून बसवलेले केस, आणि दोन भुवयांच्या मधोमध एक उभी आठी. ती आठी हीच मुळात मोठ्या बाईंची ओळख होती. राग त्यांच्या नाकावर असायचा असं म्हणतात, पण खरं तर तो नाकाच्या दोन बोटं वर राहायचा. आज्या, आया आणि नाती, तिघींच्याही पोटात त्या आठीनं गोळा आणलेला होता. स्टुडिओवाला स्वतः त्यांचा विद्यार्थी. सहा महिन्यांत त्यानं ती फाईल चारदा उघडली आणि चारही वेळा त्याला गृहपाठ राहिल्यासारखं वाटून ती बंद केली. काकूंना हा फोटो मिळण्याचं खरं कारण एवढंच होतं.

"हनुवटीवर दोन डाग आहेत, कॉलरवर एक धागा आणि कानापाशी एक बट सुटलीय," त्यानं बजावलं. "तेवढंच करायचं."

काकूंनी तेवढंच केलं. अर्ध्या तासात झालंसुद्धा. मंगळवारी सकाळी साडेदहा वाजता काम संपलं आणि शनिवार यायला अजून चार दिवस होते. रिकाम्या हातांनी काय करावं? काकूंनी चित्र मोठं केलं. आणखी मोठं केलं. आठपट मोठं केल्यावर पडद्यावर ना डोळे उरले ना नाक, नुसतं कापड दिसायला लागलं. काकूंना हायसं वाटलं. हे त्यांच्या ओळखीचं होतं. आणि त्या कापडाच्या मध्यावर, वरपासून खालपर्यंत, एक भलीमोठी चीर गेलेली होती.

आता पस्तीस वर्षं रफू केलेल्या बाईसमोर चीर ठेवायची आणि तिनं ती तशीच राहू द्यावी अशी अपेक्षा करायची, यात चूक कुणाची?

धागा कुठून घ्यायचा हे काकूंना ठाऊक होतं. कुणी बघत नाही त्या जागेतून. चेहऱ्याची आतली शिवण म्हणजे जबड्याच्या खालची कातडी. तिथून त्या एकेक ठिपका उचलत राहिल्या आणि चिरेवर बसवत राहिल्या. दिवसभर. बुधवारी आठी बुजली. मग बुजलेल्या जागेशेजारचं कपाळ जुनाट दिसायला लागलं, म्हणून गुरुवारी कपाळ केलं. कपाळ झालं तर नाकाच्या बाजूच्या रेषा डोळ्यात खुपायला लागल्या. शुक्रवारी दुपारी कुठे बोट ठेवायला जागा उरली नाही तेव्हा काकू थांबल्या. मान आखडली होती, डोळे चुरचुरत होते, आणि कितीतरी महिन्यांनी त्यांना इतकं बरं वाटत होतं.

सॉफ्टवेअर बिचारं सभ्य. त्यानं विचारलं, सेव्ह करायचं का? काकूंनी हो म्हटलं. त्यानं पुन्हा विचारलं, जुन्या फाईलवरच करायचं का? काकूंना हा प्रश्नच कळेना. गिऱ्हाइकानं दिलेला कोट गिऱ्हाइकाला परत द्यायचा असतो, दुसरा कोट नव्हे. त्यांनी पुन्हा हो म्हटलं.

शनिवारी सकाळी फोटो न्यायला शाळेचा शिपाई आला. हा तीस वर्षं मोठ्या बाईंच्या दाराबाहेर स्टुलावर बसलेला माणूस. स्टुडिओवाल्यानं पेनड्राईव्ह लावला आणि फोटो मोठ्या पडद्यावर उघडला. काकू पदार्थ वाढून झालेल्या सुगरणीसारख्या बाजूला उभ्या राहिल्या.

शिपायानं हात खिशात घालून फोटो बघितला. मान एका बाजूला कलती केली. मग दुसऱ्या बाजूला.

"छान आहेत," तो म्हणाला. "कोण या?"

"कोण म्हणजे? मोठ्या बाई!" काकू म्हणाल्या.

"छे हो. त्यांची धाकटी बहीण वगैरे असेल."

"अहो, हाच तो फोटो. बघा ना, आठी कुठे होती ते तरी सांगता येतंय का?"

"तेच तर," शिपाई म्हणाला. "हे बघा काकू, माझे हात कुठे आहेत?"

"खिशात."

"तीस वर्षांत बाईंच्या समोर हे हात खिशात राहिले नाहीत. मी काढायचो नाही, ते आपोआप बाहेर यायचे. आता यांच्यासमोर बघा, कसे आरामात बसलेत. हा फोटो सभागृहात लावला तर पोरं त्याच्याखाली बसून डबे खातील."

काकूंनी पहिल्यांदाच तो फोटो चार पावलं मागे जाऊन बघितला आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं. पडद्यावर एक गोरीगोमटी, मऊ, समाधानी बाई होती. साबणाच्या वेष्टनावर असते तशी. ती कुणीही असू शकली असती, फक्त मोठ्या बाई सोडून.

"जाऊ दे," स्टुडिओवाला दात आवळून म्हणाला. "मूळ फोटो द्या. डाग मी पुसतो."

"हाच मूळ आहे," काकू म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे ह्याच्यावरच केलंय. तुझ्याकडे असेल ना दुसरा."

स्टुडिओवाला कॉम्प्युटरकडे धावला. फोल्डर उघडलं, रिकामं होतं. पेनड्राईव्हवर फाईल देताना त्यानं ती कॉपी केलीच नव्हती, कट करून दिली होती. मग तो कॅमेऱ्याकडे धावला. कॅमेऱ्याचं कार्ड त्यानं श्वानप्रदर्शनासाठी कधीच रिकामं केलेलं होतं. आता त्यात चारशे बारा कुत्री होती आणि मोठ्या बाई एकही नव्हत्या.

त्यानं कपाळाला हात लावला. मग खांद्यावरची पिशवी काढली आणि त्या हिरव्या खुर्चीवर ठेवून दिली. आत्तापर्यंत रिकामी असलेली खुर्ची आता भरली, हे काकूंना कळलं. पुन्हा ती खिडकी, पुन्हा ते भिंग, आणि भिंगाखाली पुतणीनं दयेपोटी कापून आणलेली भोकं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "मीच बाईंना बोलावून आणते. पुन्हा काढ फोटो."

मोठ्या बाई दोन गल्ल्या सोडून राहायच्या. काकूंनी दार वाजवलं तेव्हा मातीनं भरलेले हातमोजे घातलेली एक बाई हसत बाहेर आली. काकूंनी मोठ्या बाई घरात आहेत का असं जवळजवळ विचारलंच होतं. सहा महिन्यांत बाईंनी बाळसं धरलं होतं. कुंड्यांमध्ये झाडं लावायच्या, आठ वाजेपर्यंत झोपायच्या, आणि कपाळावरच्या आठीची इस्त्री करताना राहून जाते तेवढी पुसट घडी उरली होती. काकूंनी सगळं सांगून टाकलं, काही लपवलं नाही. बाई गडगडून हसल्या आणि ढगळ पिवळ्या स्वेटरवरच निघाल्या.

स्टुडिओवाल्यानं त्यांना दिव्यांसमोर बसवलं, कॅमेरा स्टँडवर लावला, आणि कॅमेऱ्याला जोडलेल्या लांब वायरीचं फोटो काढायचं बटण हातात घेतलं. "बाई, जरा रागवा."

बाईंनी प्रयत्न केला. कुणी तरी शिंक अडवून धरावी तसा चेहरा झाला.

"नाही जमत रे," त्या म्हणाल्या. "राग यायला काही तरी व्हायला नको का?"

मग तिघांनी मिळून बाईंना राग आणायचा उद्योग सुरू केला. शिपायानं शाळेतला पृथ्वीचा गोल फुटबॉल म्हणून खेळून फोडणाऱ्या पोरांची आठवण काढली. बाईंना हसता हसता ठसका लागला. स्टुडिओवाल्यानं धाडस करून टेबलावर पाय ठेवले. "बस रे आरामात," बाई म्हणाल्या, "दिवसभर उभा असतोस." शेवटी शिपायानं हुकमी पत्ता काढला. नव्या मुख्याध्यापिकेनं सकाळची परिपाठाची रांगच बंद करून टाकली, असं त्यानं हळूच सांगितलं.

"बरं केलं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मलासुद्धा कंटाळा यायचा."

शिपायाचा आ वासला तो मिटेचना. तीस वर्षं तो त्या रांगा सरळ करत आला होता.

अर्धा तास असा गेला. सत्तावन्न फोटो निघाले आणि सत्तावन्न फोटोंत एक आनंदी आजी होती. स्टुडिओवाल्यानं वायरीचं बटण स्टँडला अडकवून दिलं आणि त्याचा इतका वेळ दाबून ठेवलेला सगळा राग काकूंवर निघाला.

"हे सगळं तुमच्यामुळे!" तो म्हणाला. "सांगत होतो, हे तुमचं काम नाही. या वयात कशाला नवीन शिकायला निघायचं माणसानं? काही लोकांच्या हातून काही गोष्टी होतच नाहीत. गप घरी बसायचं."

काकूंना मनातून तेच वाटत होतं, म्हणून जास्त लागलं. डोळे भरून आले, आणि ते कुणाला दिसू नयेत म्हणून त्या कॅमेऱ्याच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या.

"काय म्हणालास?" मोठ्या बाई म्हणाल्या.

आवाज फार मोठा नव्हता. पण शिपायाचे हात खिशातून बाहेर आले.

"काही नाही, बाई, मी आपलं..."

"'होतच नाहीत' म्हणालास. माझ्या शाळेत हे वाक्य कोण म्हणायचं?"

आणि ती आली. आधी डावी भुवई सरकली, मग उजवी, आणि दोघींच्या मधोमध ती उभी चीर हळूहळू उघडत गेली. खाली जाताना किंचित डावीकडे वळलेली. काकूंनी ती दोन दिवस आठपट मोठी करून बघितली होती. तिचा धागा न् धागा त्यांना पाठ होता. डोळ्यांतलं पाणी तसंच राहिलं आणि त्यांचा अंगठा आपोआप त्या वायरीच्या बटणावर गेला. खट्.

"मीच म्हणायचो, बाई."

"सातवीत अपूर्णांक होत नव्हते कुणाला?"

"मला, बाई." खट्.

"सुट्टीभर रोज सकाळी समोर बसवून शिकवलं. तेव्हा मी म्हटलं का, ह्याच्या हातून होतच नाही, गप घरी बसवा ह्याला? मी पन्नास वर्षांची होते तेव्हा शाळेत कॉम्प्युटर आले. मी शिकले नाही?"

"शिकलात, बाई." खट्.

"ह्यांनी मूळ फोटोवर काम केलं, ही ह्यांची चूक. ह्यांनी येऊन कबूल केली. आणि तुझ्याकडची प्रत कुठाय?"

"ठेवली नाही, बाई. कट करून दिली."

"का?"

स्टुडिओवाल्याची पाचावर धारण बसली होती. अशा वेळी माणसाच्या तोंडून काय निघेल सांगता येत नाही. "तुम्हीच सांगायचात, बाई," तो पुटपुटला, "कॉपी करायची नाही म्हणून."

शिपायानं भिंतीकडे तोंड केलं. त्याचे खांदे हलत होते. मोठ्या बाईंनी उजव्या हाताचं बोट उचललं, आठी होती त्याहून आणखी खोल गेली, आणि काकूंनी शेवटचा खट् केला.

आता अडचण अशी की हे फोटो जसेच्या तसे लावता येणार नव्हते. कारण त्यांत पिवळा स्वेटर होता, उघडं तोंड होतं आणि वर केलेलं बोट होतं. पण दिवे तेच होते आणि चेहरा जवळजवळ समोर होता. काकूंना हवा तेवढा धागा त्यांत होता, आणि तोही त्याच कापडाचा.

"एक मिनिट हं," असं म्हणून त्या आपल्या दुकानात पळाल्या आणि टेबलाच्या पायाखालची घडी ओढून काढली. टेबल एका बाजूला कललं, कात्री घरंगळत खाली पडली. काकू थांबल्या नाहीत. परत आल्या तेव्हा मोठ्या बाई खिडकीशी उभ्या होत्या.

"ही पिशवी कुणाची?" बाई म्हणाल्या. "खुर्ची माणसांना बसायला असते."

स्टुडिओवाल्यानं पिशवी उचलली. काकू बसल्या.

या वेळी त्यांनी कागद समोर ठेवला आणि एकेक ओळ वाचून पाळली. आधी कॉपी. दोन कॉप्या, अद्दल घडली होती. मग नव्या फोटोतून नुसती आठी उचलून जुन्या फोटोवर आणून ठेवली आणि तिच्या कडा मऊ करत करत शेजारच्या कातडीत मिसळून टाकल्या. त्यांना वाटलं, झालं. मग कागदावरची तिसरी ओळ दिसली, म्हणून चित्र लहान केलं, उठल्या आणि दारापर्यंत मागे गेल्या. तिथून बघितलं तर बाईंच्या कपाळात कुणी तरी कुऱ्हाड घातल्यासारखं दिसत होतं.

"निम्मं," पडद्याकडे न बघता पुतणीच्याच सुरात काकू स्वतःला म्हणाल्या, परत बसल्या आणि आठी निम्म्यानं फिकी केली. पुन्हा दारापर्यंत. पुन्हा खुर्ची. मग नाकाशेजारच्या रेषाही नव्या फोटोतून आणाव्या लागल्या, कारण गुळगुळीत गालांवर नुसती आठी उपरी वाटत होती. कपाळावरच्या बारीक सुरकुत्या आणल्या. हनुवटीवरचे दोन डाग तेवढे आणले नाहीत, ते काढायचेच ठरले होते. काकूंची इतकी ये-जा झाली की स्टुडिओवाल्यानं मधली स्टुलं न सांगता बाजूला केली, आणि थोड्या वेळानं टेबलाच्या कडेला चहाचा कप आणून ठेवला. काकूंनी तो पिऊन टाकला.

दुपारी शिपायाला पुन्हा आत बोलावलं. तो बाहेर शेंगदाणे खात होता. एक हात पुडीत, एक खिशात, असा तो पडद्यासमोर येऊन उभा राहिला.

खिशातला हात बाहेर आला. दुसऱ्या हातातली पुडी पाठीमागे गेली. शिपायानं तोंडातला दाणा चावला नाही, तसाच गालात धरून ठेवला.

"ह्या," तो कसाबसा म्हणाला. "ह्याच त्या."

काकूंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी स्टुडिओवाल्याकडे बघितलं. तो पडद्याकडे बघत होता आणि त्याचेही दोन्ही हात बाहेर होते.

शिपाई फोटो घेऊन गेला. मोठ्या बाई मात्र रेंगाळल्या. "तो आधीचा कुठाय? पुसून टाकलात का?"

"नाही. ह्याच्या खालीच आहे," काकू म्हणाल्या आणि पडद्यावरचं, वरचा थर झाकायचं डोळ्याचं चित्र दाबलं. आठी गेली. पुन्हा दाबलं, आठी आली. गेली, आली. बाईंना गंमत वाटली. त्यांनी स्वतः दाबून बघितलं आणि बिनआठीच्या चेहऱ्यापाशी थांबल्या.

"शाळेत लागायच्या आधी मी साधारण अशी होते," त्या म्हणाल्या. "नोकरी लागली तेव्हा बावीस वर्षांची होते. वर्गात पोरं ऐकेनात, म्हणून आरशासमोर उभं राहून रोज भुवया आवळायची सवय केली. मग ती मोडायलाच विसरले." त्यांनी पडद्याकडे बोट केलं. "ह्याची एक लहान प्रत मला द्या. स्वयंपाकघरात लावीन."

काकूंनी काढून दिली. कॉपी करून.

सोमवारी सकाळी काकूंनी त्यांना मिळालेल्या किल्लीनं स्टुडिओ उघडला तेव्हा स्टुडिओवाला यायचा होता. तो आला तर काकू खुर्चीत बसून एका नवऱ्या मुलाच्या डोळ्यांखालचं काळं निम्म्यानं कमी करत होत्या. त्यानं पेनड्राईव्ह टेबलावर ठेवला. "आजची कामं. माझ्याकडे प्रत आहे," तो म्हणाला. मग थोडं घुटमळला. "काकू, शनिवारी मी जे बोललो ते..."

"थांब, उठते जरा," काकू म्हणाल्या आणि उठून उभ्या राहिल्या. "बघ बघू खुर्ची."

स्टुडिओवाल्यानं बघितलं. वाकून बघितलं. खुर्ची खिडकीकडे वळवून उजेडात बघितलं, हिरव्या कापडावरून बोट फिरवलं, डावीकडून उजवीकडे आणि परत. बैठकीच्या खालच्या बाजूला, कुणी कधी बघणार नाही अशा जागी, चार धागे कमी झाले होते. ते काही त्याला कळलं नाही.

"इथे फाटलं होतं ना?" तो म्हणाला.

"कुठे?" काकू म्हणाल्या. "दाखव."